टाकलेला भात

मी चाळीसगावला लेकीकडे होते, तेव्हा सुमनताईंच्या मुलाचा, नितीनचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. सुमनताई झोपेतच गेल्या. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, ते खरंही असेल. पण गेलं वर्षभर मी त्यांना पाहत होते. भरल्या पंगतीतून कुणी हळूच उठून जावं, तशा त्या जगण्यातून उठून चालल्या होत्या.

धुळ्याच्या एकाच शाळेत आम्ही नोकरी केली. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. निवृत्तीनंतर एका लग्नात आम्ही हात धुवायला मागे गेलो, तर तिथे वरण-बट्टीची घमेली नाल्यात रिकामी होत होती. ताईंनी तिथेच कार्यालयाच्या मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, "बाई, द्यायला काय जातं? पण कुणी आजारी पडलं तर माझं लायसन जाईल." त्या घरी आल्या आणि अन्नदानाचे सगळे नियम मिळवून वाचून काढले. उरलेलं अन्न देता येतं, फक्त ते कसं द्यायचं हे ठरलेलं आहे, हे त्यांनी मालकामालकांना पटवलं. रीतसर नोंदणी केली, एक जुनी व्हॅन घेतली. पानात वाढलेलं घ्यायचं नाही, दुधाचं घ्यायचं नाही, सकाळी शिजलेलं उन्हं उतरायच्या आत पोचवायचं. प्रत्येक पातेल्यातलं आधी स्वतः हुंगायच्या, चाखायच्या, मगच झाकण लावू द्यायच्या. साक्रीकडच्या पाड्यांवरून कामाला आलेल्या माणसांची गावाबाहेर वस्ती आहे, तिथे आम्ही ते नेत असू. व्हॅन दिसली की बाया ताटल्या घेऊन बाहेर यायच्या. त्या दिवसांत सुमनताई इतक्या हसायच्या, की शाळेतल्या कडक बाई त्या ह्याच का, असं मला वाटे.

मग तो वैशाख आला. एका लग्नात वरात उशिरा आली, पंगती लांबल्या आणि भाताचं मोठं पातेलं तसंच झाकून उन्हात राहिलं. ताईंनी झाकण काढलं, भात बोटांत दाबला. चिकट झाला होता, आंबूस वास मारत होता. "हा जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"एवढा भात, बाई?" आचारी म्हणाला. "तिकडे वाट बघत असतील."

"बघू देत. टाकून द्या."

त्यांच्यासमोरच तो भात मागच्या नाल्याच्या काठावर ओतला गेला. आम्ही नुसत्या बट्ट्या घेऊन वस्तीत गेलो. कमळ नावाच्या बाईने विचारलं, "आज इतलंच?" ताईंनी तिला सांगितलं, भात खराब झाला होता. कमळचा नवरा त्याच कार्यालयात भांडी घासायला होता. संध्याकाळी घरी निघताना त्याने ढिगाच्या वरवरचा भात पिशवीत भरून घेतला. पहाटेपासून घरातली सगळी ओकू लागली. बाकीची सावरली. तो दवाखान्यातून परत आला नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कमळ भिंतीला टेकून बसली होती. ताईंकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही सांगं, भात खराब शे. पन पोटले काय समजस?" तिच्या आवाजात राग नव्हता. अन्न खात्याकडून चौकशीला आलेले साहेब भले होते. म्हणाले, "मॅडम, तुमची काहीच चूक नाही. खराब अन्न नाकारायचंच असतं."

"मग टाकलेल्या अन्नाकडे कुणी बघायचं?"

"ते आमच्याकडे येत नाही," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्यानंतर एकेका कार्यालयाने दार लावून घेतलं. त्या पहिल्या लग्नातला मॅनेजर ताईंना म्हणाला, "दिलं की चौकशी होते, बाई. फेकलं की कोणी विचारत नाही." तरी त्या जात राहिल्या. एका दुपारी आम्ही दोघी एका कार्यालयाच्या मागच्या अंगणात उभ्या होतो आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीचं अख्खं पातेलं खड्ड्यात चाललं होतं. ताई पुढे झाल्या, पळी हातात घेतली, वास घेतला, जिभेला लावली. "चांगली आहे गं," माझ्याकडे वळून म्हणाल्या. "अगदी चांगली आहे." कामाच्या पोरांनी पातेलं कलतं केलं. ताईंच्या हातात पळी तशीच राहिली. त्यानंतर व्हॅन विकली. लग्नाच्या पत्रिका आल्या की न उघडता खिडकीत ठेवू लागल्या. मी जायचे तेव्हा दोघींचा चहा व्हायचा. पण नियमांवर, वस्तीवर, कशावरच त्या बोलत नसत. विषय काढला तर म्हणायच्या, "राहू दे."

तेराव्याला नातेवाईक अपेक्षेपेक्षा कमी आले. भडगावची मंडळी लवकर निघून गेली. वरणाचं पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं होतं, सकाळीच शिजलेलं. नितीन म्हणाला, "मावशी, आईच्या माणसांना देऊन येऊ." रिक्षात पातेलं आणि बट्ट्यांची टोपली ठेवून आम्ही वस्तीत गेलो. बाया दारात आल्या, पण ताटल्या कुणी आणल्या नाहीत. कमळ पुढे आली. तिने झाकणाकडे पाहिलं आणि विचारलं,

"हाई बाईनी चाखी देखेल शे का?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाई गेल्या, कमळ. हे त्यांच्याच तेराव्याचं आहे."

तिने वाकून पातेल्याला हात लावला, तो कपाळाला लावला. "मंग नको," म्हणाली आणि आत गेली. मागोमाग बाकीच्याही गेल्या.

परतताना पातेलं माझ्या मांडीवर होतं. घर येईपर्यंत ते गरम लागत होतं.