दुकानात चालू, घरी बंद

गेल्या शनिवारी आमच्या रहाटणीच्या घरात एक कॉम्प्युटर मेला... निदान मला तरी तसंच वाटलं. जोडून तास झाला नव्हता आणि गेला.

थोडं मागचं सांगतो. चाकणच्या एका कंपनीत मी डिझाइनला होतो. दिवाळीनंतर आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. कंपनीचा लॅपटॉप परत गेला आणि घरात मी उरलो... चिडका, दिवसभर बनियनवर बसलेला.

शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने घरून ड्रॉइंग करायचं काम मिळवून दिलं. अट एकच, सोमवारी सकाळपर्यंत सँपल पाठवायचं. पसंत पडलं तर काम सुरू, नाहीतर राम राम.

म्हणून पार्ट आणून स्वतःच कॉम्प्युटर जोडायला घेतला. हॉलमधल्या टेबलावर, कॅबिनेटची पाठ अण्णांच्या दिवाणाकडे. अण्णा म्हणजे माझे वडील. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, ऑपरेटर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. हल्ली फार विसरतात, आपली अंघोळ झाली का ते माझ्या बायकोला विचारतात.

सगळं जोडलं. मागचं पॉवरचं बटन ऑन केलं. तेवढ्यात दिसलं की आतली एक वायर पंख्याला लागतेय, ती हात घालून बांधली. देवाचं नाव घेतलं आणि पुढचं बटन दाबलं... काही नाही. पंखा नाही, लाइट नाही, ढिम्म.

रॅम काढून परत बसवली. पिना तपासल्या. व्हिडिओ बघितले, तर जो तो पहिलं हेच सांगतोय, मागचं बटन ऑन आहे का बघा. अरे, मी काय दूधखुळा आहे? माझ्या हाताने ऑन केलंय, परत काय बघायचं त्यात!

बायकोने चहा आणला तर तिच्यावर खेकसलो. अण्णा उठून जवळ आले, काहीतरी बोलायला लागले. त्यांनाही म्हटलं, "अण्णा, तुम्हाला यातलं काही कळत नाही, बसा तिकडे." गेले बिचारे. आता आपल्या हातून काहीच धड होणार नाही, असं वाटून मला अक्षरशः रडू यायला लागलं होतं.

रविवारी सकाळी कॅबिनेट उचललं आणि काळेवाडीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने मागेपुढे हात फिरवला, बटन दाबलं... चालू! "राव, टकाटक आहे की! घरचं अर्थिंग चेक करा," म्हणाला.

घरी आणला. गाडीवर हादरे बसून एक वायर सैल झालेली, ती आत हात घालून दाबली आणि बटन दाबलं. परत मढ्यासारखा गप्प. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तो म्हणाला सॉकेट ठणठणीत आहे, अर्थिंगही चांगलं आहे. दुपार अशीच गेली. सोमवार डोक्यावर.

पुन्हा सुरुवातीपासून बघू म्हणून मागे हात नेऊन, न बघताच, बटन ऑनच्या बाजूला परत दाबलं, दोन्ही हात आत घातले... आणि मागून टिक् असा आवाज आला. मान वर करून बघतो तर अण्णा. कॅबिनेटच्या मागे उभे, बोट बटनावर. बंद करून तिथेच थांबले, राखणीला बसल्यासारखे.

माझी सटकलीच. "अण्णा! वेड लागलंय का? कालपासून जीव जातोय इथे माझा!"

त्यांच्यावर काही परिणाम नाही. "तुझा हात आत हाय," म्हणाले. "मेन बंद पायजे. बाहेर येऊन 'मोकळं' म्हन, मग लावतो. तू म्हनतच न्हाईस."

त्यांच्या शॉपची ती पद्धत होती. मशीनमध्ये कोणी हात घातला की मेन बंद करायचा. तो माणूस बाहेर येऊन स्वतःच्या तोंडाने 'मोकळं' म्हणेपर्यंत कोणी बटनाला शिवायचं नाही. एवढं लहानपणी मी ऐकलं होतं. पुढचं कधीच ऐकलं नव्हतं.

"शंकर फिटर आत हुता," अण्णा सांगायला लागले. "मशिनीतली डाय, साचा, अडकलेली. सायेब वरडत हुता, माल पायजे, माल पायजे... म्या थांबलो न्हाई रं. म्याच मेन लावला. म्याच दाबलं."

मग स्वतःच्या कोपरावर हात ठेवून म्हणाले, "हितनं गेला."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या डोळ्यात पाणी. एवढी वर्षं हा माणूस आमच्यात बसून जेवला, हसला, माझ्या लग्नात नाचला... आणि हे एकटाच घेऊन फिरत होता. आईलासुद्धा माहीत नसावं. सगळं विसरले, मेलं हे तेवढं विसरत नाहीत.

मी हात बाहेर काढले, त्यांच्यासमोर धरले. म्हटलं, "मोकळं, अण्णा."

त्यांनी माझे दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले. बोटं चाचपली. मग मागचं बटन लावलं. मी पुढचं दाबलं आणि पंखा फिरायला लागला. कोणालाच आनंद झाला नाही.

सँपल सोमवारी वेळेत गेलं. उत्तर अजून आलेलं नाही... येईल तेव्हा येईल.

काल संध्याकाळी मी काम करत बसलो होतो. अण्णा दिवाणावरून एकदम म्हणाले, "शंकर सुटला का रं?"

म्हटलं, "सुटला की, अण्णा. शिफ्ट संपली, गेला घरी. स्वतः सायकल मारत गेला."

"बरं झालं," म्हणाले. आणि कुशीवर वळून शांत झोपले. हे खोटं मला रोज बोलावं लागलं तरी चालेल.