पुस्तकांमागची बरणी

मंगळवारी सकाळी बाबा गेले. तेराव्याला नातेवाईक आले आणि जाताना लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन गेले.

लोणचं बाबांचं होतं. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरमागे त्यांनी लिंबाचं झाड लावलं होतं. प्लांटमधून रिटायर झाल्यावरही ते लोणचं घालायचे ते शिफ्टच्या शिस्तीत. हे काम ते त्यांच्या आईकडून शिकले आणि मला शिकवायचे. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. बरणीत ओला चमचा घालणं हा आमच्या घरातला सर्वांत मोठा गुन्हा होता. चोरीला निदान माफी मिळाली असती.

तेराव्याला ज्याचा हुंदका मोठा, त्याला बरणी मोठी मिळाली. "दादाची आठवन म्हनून नेऊन राहिली मी, वहिनी," असं आईला सांगत आत्याने दोन पिशव्या भरल्या. शेवटची बरणी मी माझ्या पुस्तकांमागे लपवली. तिथे आमचे नातेवाईक कधीच हात घालत नाहीत.

महिन्याने मला राहवलं नाही. जेवताना मी नुकताच धुतलेला चमचा बरणीत घातला. आठ दिवसांत लोणच्यावर बुरशी आली.

"एवढे पुस्तकं वाचले, पन चमचा पुसाले नाही शिकला तू," आई म्हणाली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मग तिने बरणी घासून उन्हात ठेवली. "जाय आता, लिंबं तोडून आन."

लिंबं पुसून चिरण्याआधी मी हात दोनदा कोरडे केले. मला सगळं आठवत होतं, याचं मलाच नवल वाटलं.

मागे झाड आहे. घरात एक बरणी आहे. ती मी भरली आहे.