पांझरेकाठची सरळ रेघ

मी जळगावजवळच्या असोद्याची. मोजणी खात्यात नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक धुळ्याला झाली. माझ्यासोबत साक्रीकडचे एक जुने मोजणीदार असत, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना नाना म्हणत.

धुळ्यात जुन्या गावाला लागून इंग्रजांनी आखलेला भाग आहे. तिथल्या गल्ल्या अजून नंबरांनीच ओळखल्या जातात. त्यातल्या एका गल्लीत एका अक्कांना घर पाडून नवं बांधायचं होतं. शेजाऱ्याचं म्हणणं, अक्कांची भिंत पुढे रस्त्यात आली आहे. म्हणून मोजणी.

मी उपग्रहांवरून मोजणारं यंत्र उभं केलं. नानांनी कापडावर चिकटवलेला जुना नकाशा ओट्यावर पसरला आणि म्हणाले, "आधी गल्लीची दोन्ही टोकं घे. भिंत मागून."

टोकं घेतली, मग मधल्या एकेका घराचा कोपरा. स्क्रीनवर ठिपके पडत गेले आणि बघता बघता एक रेघ तयार झाली. कुठे पायरी पुढे आलेली, कुठे ओटा वाढवलेला, तेवढाच काय तो फरक. मूळ भिंती एका ओळीत. मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा मोजलं. तेच. बैलगाडीच्या काळात कोणीतरी मोजणीची साखळी ओढून मारलेली ती रेघ, आणि आकाशातल्या उपग्रहांनाही तीच सापडत होती.

अक्कांची भिंत जागेवरच होती. शेजाऱ्याने वाकून स्क्रीन पाहिली, "बरं मग," म्हणाला आणि घरात गेला.

अक्का चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझे सासरे सांगायचे, इथं गल्ली आधी झाली, घरं मागून."

मी कप हातात धरून तशीच उभी राहिले. आमच्या गावात घरं आधी झाली होती आणि उरलेल्या जागेतून रस्ता गेला होता. घरं नसताना गल्ली आखायची, म्हणजे माणसं इथे येणारच, हे आखणाऱ्या इंग्रजांना ठाऊक असणार. कशावरून?

परतताना नानांना विचारलं, "खानदेशात गावं काय कमी होती? इथेच का बसले इंग्रज?"

"हाई सांगीसन नही समजाव," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "रविवारी लळिंगला चल."

रविवारी सकाळी आम्ही लळिंगचा किल्ला चढलो. नाना दर वळणावर थांबत होते, पण मागे वळून पाहू देत नव्हते. माथ्यावर पोचल्यावर म्हणाले, "आते देख."

खाली घाटातून मुंबई-आग्रा रस्ता उतरून सरळ धुळ्यात शिरत होता. सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता त्याला तिथेच छेदत होता. शहरामधून पांझरा वाहत होती आणि दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर, काळी सपाट जमीन.

"पानी शे, वाट शे, कापूस शे. बठ्ठं एकाच जागी," नाना म्हणाले. "पहिलाना राजा आठे डोंगरवर बसेत, दुश्मन दिसाले पाहिजे म्हनीसन. इंग्रजले माल दिसाले पाहिजे व्हता. तो खाले बसना."

नकाशे मी रोज हाताळत होते, पण शहर कशामुळे उगवतं हे असं एका नजरेत कधी पाहिलं नव्हतं.

तिथूनच वडिलांना फोन लावला. जळगाव शहर कसं झालं, विचारलं.

"जळगाव? ते आगगाडीनं केलं," ते म्हणाले. "तेव्हा मोठं गाव एरंडोल. पण रूळ जळगाववरून गेले आणि बठ्ठा कापूस तिकडे वळला. आमचे आजोबा सांगायचे, स्टेशन झालं तेव्हा लोक नुसते बघायला जायचे."

"आणि आपण एवढे जवळ असून गावच राहिलो?"

"हो ना," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात खंत नव्हती, नवल होतं. "मध्ये थोडंसंच तर अंतर."

फोन ठेवला. खाली घाटात ट्रकांची रांग हळूहळू उतरत होती, एकामागून एक, पांझरेच्या दिशेने. नाना दगडावर बसून त्यांच्याकडे बघत होते. मीही त्यांच्या शेजारी बसले, आणि ऊन चटके देऊ लागलं तरी आम्हा दोघांनाही उठावंसं वाटेना.