बायकांच्या बाजूचा कॉक

भूकंपात भिंतीखाली सापडलेला आईचा उजवा पाय म्हातारपणी पुन्हा आखडायला लागला. रोज कोमट पाण्यात चालवा, नाहीतर आधी काठी येईल आणि मग खाट, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. कोमट पाण्याचा तलाव अख्ख्या लातुरात मला ठाऊक असलेला एकच, एका कोचिंगवाल्याने हॉस्टेलच्या पोरांसाठी बांधलेला. सकाळचा एक तास बायकांना. मी तेव्हा दुसऱ्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते, तरी मॅनेजरने मोठ्या उपकाराच्या सुरात आम्हाला आत घेतलं.

आठवडाभर छान चाललं. मग पाणी गार पडलं. हिटरच्या पडद्यावर 'फ्लो'ची, म्हणजे पाणी पुरेसं वाहत नसल्याची, खूण लुकलुकायची आणि मशीन बंद. आई पायरीवर बसून राहायची, पाण्यात पाऊल घातलं की पोटरी दगडासारखी व्हायची. मॅनेजरला विचारलं की त्याचं एकच पालुपद, मशीनचं असंच असतंय, ताई. माझं डोकं सणकायचं. एवढ्या टोलेजंग इमारती बांधता, भिंतभर पोरांचे फोटो लावता, आणि एक हिटर चालवता येत नाही?

कंपनीचे लोक आले. फिल्टरवरचा दाबाचा काटा चढलेला बघून म्हणाले, फिल्टर तुंबलाय. तो धुवायला त्यांनी पाणी सोडलं आणि ते सरळ गटारात गेलं. ज्या शहरात आठवड्यातून एकदा नळ येतो तिथे ही चैन! काटा काही उतरला नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच धुणं. मी भांडले. मॅनेजर म्हणाला, पोरांना गारच आवडतं, थंडीपुरता हिटर बंदच ठेवू. माझ्या आईच्या पायाचा निकाल त्याने उभ्या उभ्या लावून टाकला.

मी पदर खोचला आणि मशीनघरात शिरले. पंपाच्या जाळीत केस नि लिंबाचा पाला अडकला होता, तो काढला. फरक शून्य. पाणी पुढे कुठे अडतंय ते बघायला पाइप धरून चालत गेले, तर तो भिंतीतून पलीकडे बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत निघालेला. तिथे बाकाखाली, अगदी जमिनीलगत एक कॉक होता. जवळजवळ पूर्ण आवळलेला. कंपनीच्या पुरुषांना बायकांच्या खोलीत जायची सोय नव्हती, आणि एखाद्या बाईला पाठवून बघावं एवढं कुणाला सुचलं नव्हतं. कॉक उघडला तशी पाइपात पाण्याची सळसळ झाली, काटा उतरला, हिटर सुरू.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गार. कॉक पुन्हा आवळलेला.

आता मात्र माझा तोल गेला. झाडणाऱ्या मावशींना मी नाही नाही ते बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या की त्यांनी त्याला हातही लावलेला नाही. मग मुद्दाम कुणीतरी करतंय, मॅनेजरनेच कुणाला तरी सांगितलं असणार, असं मी धरून चालले. कॉक उघडून ठेवला आणि बायकांचा तास संपताना दाराआड उभी राहिले.

सगळ्या बायका गेल्यावर आई आली. ओलं लुगडं पिळून ठेवलं, कान देऊन ऐकलं. मग बाकाला धरून, घरी देवापुढेसुद्धा न वाकणारा तो पाय कसाबसा मुडपून खाली बसली आणि कॉक आवळू लागली.

"आई, काय करायलीस?"

"लई पानी चाल्लंय की गं माय. आवाज ऐक. कुनाचं ध्यान न्हाई."

मी ओरडलेच. तुझ्याच पायासाठी मी जगाशी भांडतेय, तुझंच पाणी तू गार करतेयस. तिने कॉकवरचा हात काढला नाही.

"भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात हुतो तवा ह्याच पायावर टँकरच्या रांगेत उभी ऱ्हायले मी. आता ह्याच पायापायी एवढं पानी सांडू व्हय?"

मला भयंकर राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकून जिला दुखरा पाय मुडपून उठाबशा काढाव्या लागतात, तिला तसं करून ठेवणाऱ्या सगळ्यांचा तो राग होता. पाणी सांडत नाही, तेच फिरून तलावात येतं, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली, पण पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला तलावात उतरवून पाणी जिथून परत येतं त्या भोकापाशी नेलं आणि तिचा तळवा त्यावर ठेवला. कोमट धार हाताला लागली तशी ती थबकली. मग नळाची वाट बघत बसलेल्या गल्लीला हाक द्यावी तशी मोठ्याने म्हणाली, "आलं गं, पानी आलं."