अडोयोच्या उलथन्याची पाचर

दिनांक २० ऑगस्ट २०१६, शनिवार. या दिवशी दुपारी, केंडू बे या सरोवरकाठच्या गावाजवळ माझ्या सासुरवाडीत, माझी सासू अडोयो हिला मूठमाती दिली जात असताना, तिचा मुलगा ओपोंदो आग्वांदा याच्या गिटारमधून एक लाकडी पाचर त्याला न विचारता काढून घेण्यात आली आणि चुलीत घालण्यात आली. अंत्यविधी समितीच्या इतिवृत्तात मंडप, बैल आणि जनरेटर यांचा उल्लेख आहे, पाचरीचा नाही. म्हणून ही नोंद मी करीत आहे.

ओपोंदो माझा मेहुणा. सरोवराकाठच्या बाजारांतून, लग्नांतून आणि मयतांतून त्याने जवळजवळ आयुष्यभर बेंगा, म्हणजे आमच्याकडची गिटारवरची नाचाची गाणी, वाजवली. नम्रपणा त्याच्या वाट्याला आला नव्हता. टाय लावल्याशिवाय तो गिटारला हात लावीत नसे, आणि माझ्या बायकोसमोर, म्हणजे स्वतःच्या बहिणीसमोर, मला सांगे, "दाजी, शाळेत तुमची पोरं तुमचं ऐकत नाहीत. माझ्या तारा बघा, एकदा सांगितलं की सांगितलं."

तारांनी ऐकावे यासाठी तो किती राबे, हे मात्र तो कोणाला सांगत नसे. गिटार त्याने किसुमू शहरात जुनी घेतली होती. महाग गिटारींमध्ये तारा जागच्या जागी आवळून धरणारी कुलुपे असतात. हिला ती नव्हती. नवी तार चढवली की तो ती बोटांनी ओढून ओढून ताणून घेई, कारण न ताणलेली तार पहिल्याच गाण्यात सैल पडते. खुंटीवर वेढे मोजकेच देई. सूर चुकून वर गेला तर तार तेवढीच उतरवून तो थांबत नसे. मुद्दाम जास्त उतरवी आणि खालून पुन्हा वर नेई. मानेच्या टोकाशी जी हाडाची पट्टी असते, तिच्या खाचांत तार अडकू नये म्हणून तो शिसपेन्सिलीची पूड भरी. शाळेतले पेन्सिलींचे तुकडे मी त्याला नेऊन देत असे. त्याच्या कीर्तीत माझा वाटा एवढाच.

खरी अडचण दांडीची होती. तारा जिच्यावर बसतात ती घोडी हलवून सूर थरथरवण्यासाठी त्या गिटारला एक दांडी होती, आणि घोडीला मागून धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या होत्या. दांडी एकदा दाबली की घोडी पूर्वीच्या जागी परत येत नसे. अडोयो चुलीपाशी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घोटता घोटता हे ऐकत असे. ती एकदा म्हणाली, "गिटारचा तो हात हलवलास ना, की तुझं गाणं उपाशी पोरासारखं किरकिरतं बघ." ओपोंदोने दांडी काढून ठेवली, तरी घोडी डुलतच राहिली. मग अडोयोचे उगालीचे लाकडी उलथने एक दिवस मधोमध तडकले. तुकडा त्याच्यापुढे टाकून ती म्हणाली, "माझ्या हातानं घोटून घोटून गुळगुळीत झालंय. बसव तुझ्या गिटारच्या त्या भोकात."

त्याने त्या तुकड्याची पाचर तासली आणि गिटारच्या पाठीतल्या पोकळीत, घोडीच्या ठोकळ्यामागे ठोकून बसवली. घोडी हलेनाशी झाली. पुढची कित्येक वर्षे त्या गिटारचा सूर ढळला नाही. त्याच्याबरोबर वाजवणारा दुसरा गिटारवाला न्याबेरा त्याला चिडवी, "तुझी गिटार थोटी आहे रे." ओपोंदो म्हणे, "थोटी आहे, पण तुझ्यासारखी बहिरी नाही."

सासूशी जावयाने मोकळेपणी बोलायचे नाही, ही आमची रीत; त्यामुळे हे सारे मला बायकोकडून कळले. अडोयो गेली तेव्हा ओपोंदोने तिच्यावर एक गाणे रचले. ते एकदाच, तिच्या कबरीपाशी वाजवायचे आणि पुन्हा कधीही नाही, असे त्याने ठरवले होते. त्या दिवशी सकाळी त्याने तारा लावल्या, गिटार चटईवर सावलीत पालथी ठेवली आणि शवपेटीला खांदा द्यायला तो गेला. गिटारच्या पाठीवरचे झाकण त्याने फार पूर्वीच काढून टाकले होते.

ओबुरा हा त्याचा चुलता आणि समितीचा अध्यक्ष. गिटारजवळून जाताना त्याला ते लाकूड दिसले. ते कशाचे आहे हे त्याने ओळखले, कारण ते उलथने त्यानेच कोरून भावजयीला दिले होते. मेलेल्या बाईच्या चुलीतली वस्तू मुलाने लपवून ठेवली तर घराला दोष लागतो आणि तो मुलगाही दगावतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. त्याने चाकूने पाचर उपसली आणि चुलीत टाकली. मी जावयांच्या मंडपात बसलो होतो. चाकू पाहून उठलो, तर मला सांगण्यात आले, "मास्तर, सासरच्या चुलीत जावई नाक खुपसत नसतो. बसा, जेवण येतंय." मी ओपोंदोकडे निरोप पाठवला. निरोप पोहोचेपर्यंत गाणे सुरू झाले होते.

पहिल्याच ओळीला सगळ्या तारा खाली घसरल्या. त्याने एक तार वर चढवली. घोडी कलली आणि बाकीच्या आणखी उतरल्या. दुसरी चढवली, पहिली पडली. आमच्याकडे गाणे चालू असता कोणी पुढे येऊन वादकाला नोट देतो, वाद्ये हळू होतात, आणि नोट देणारा स्वतःची व आपल्या माणसांची स्तुती मोठ्याने गातो. त्या दुपारी ओपोंदोने आपल्याच खिशातली नोट न्याबेराच्या हाती दिली आणि आईची स्तुती सुरू केली, "मी उयोमा मुलखाच्या लेकीचा लेक, जिच्या हातची उगाली..." हात खुंट्यांवर, डोळ्यांतून पाणी, मागे कण्हणारी गिटार. गाणे तिथेच थांबले.

कोणीतरी फोनवर ते टिपले. दुसऱ्या दिवशी ते सरोवरभर पसरले, खाली लिहिलेले: आईच्या मयतात झिंगलेला गिटारवाला. ओपोंदो दारू पीत नाही. तो चहात अतोनात साखर घालतो, एवढेच त्याचे व्यसन.

मी समितीकडे लेखी तक्रार केली. ओबुराने मला घरी बोलावले, खुर्ची दिली आणि शांतपणे म्हणाला, "मी घर वाचवलं, मास्तर. पोरगं बेसूर झालं तर होऊ दे, जिवंत तर आहे." त्याच्या मनात पाप नव्हते, हे मी मान्य करतो. त्यामुळे माझा राग कमी होत नाही; फक्त तो ठेवायला जागा उरत नाही. समितीने ठराव केला की विधी यथासांग पार पडला.

ओपोंदोने त्यानंतर वाजवले नाही. बाजारात पोरे मोटरसायकलवरून ओरडत जातात, "काका, ते झिंगलेलं वाजवा की." त्याने टाय लावणे सोडले. मागच्या महिन्यात मी त्याच जातीच्या लाकडाची एक पाचर सुताराकडून तासून घेतली आणि त्याच्याकडे गेलो. त्याने ती बसवली, खाचांत पेन्सिल फिरवली, तारा ओढून घेतल्या, एकेक खालून वर आणली. मग सगळ्यांवरून एकदाच बोटे फिरवली. इतका स्वच्छ सूर मी क्वचितच ऐकला आहे. मी म्हणालो की आता आईचे गाणे वाजव.

त्याने गिटार भिंतीला टेकवली. "सुरात आहे, दाजी. पण लोकांच्या खिशात ती बेसूरच आहे. मी इथं वाजवलं तर त्यांना काय ऐकू येणार?"

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. ती चित्रफीत तुमच्या फोनमध्ये असेल तर ती आजच पुसून टाका, आणि ज्याने पाठवली त्यालाही पुसायला सांगा.