ज्वारीतलं घोडदळ

सिद्धाप्पा म्हेत्रे टॉवेलच्या कारखान्यात कटिंगला आहेत. वय छप्पन्न, राहायला कुंभारीला. आमच्या युद्धखेळाच्या टेबलावरची सगळी जमीन त्यांनी केलेली आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागतं, म्हणून मी बरेच दिवस टाळलं.

खेळ असा: बोटाच्या पेराएवढे घोडेस्वार आणि बंदूकवाले टेबलावर मांडायचे, टेपने मोजून हलवायचे, मारामारी फाशांवर. घोडदळ एका डावात बारा इंच जातं, पायदळ सहा. पण हे मोकळ्या माळावर. नांगरट किंवा उभं पीक आलं की घोड्याची चाल निम्मी होते, पायदळाला मात्र तिथे आडोसा मिळतो. टेबलावर कुठे काय जमीन आहे, यावरच अर्धी लढाई ठरते.

तीन वर्षांपूर्वी जमिनीसाठी चिंध्या मागायला मी त्यांच्या कारखान्यात गेलो. कशाला हव्यात ते ऐकून पुढच्या रविवारी ते अशोक चौकातल्या आमच्या खोलीवर स्वतःच आले. टेबल बघून हसले.

"ही ज्वारी हाय व्हय? घोट्याएवढी? इंजिनेर, ज्वारीत बैल शिरला तर दिसत न्हाय, नुसती कणसं हलत्यात."

आठवड्याभरात टॉवेलचे लांब दोऱ्यांचे तुकडे हळदीच्या आणि चहाच्या पाण्यात रंगवून त्यांनी शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, रान आणलं. मग डिंकात माती कालवून भेगाळलेलं काळं रान केलं. "हितं घोडा पळवायचा न्हाय. पाय अडकतो की."

नियमांचं पुस्तक इंग्रजीत. सिद्धाप्पा सातवी शिकलेले. मी वाचून मराठीत सांगायचो, ते वहीत उतरवून घ्यायचे. घरीही लाईट बिलापासून दवाखान्याच्या रिपोर्टपर्यंत सगळं मीच वाचून दाखवतो. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. मी वाचेन ते खरं, अशी आईवडिलांना सवय आहे. सिद्धाप्पांनाही तीच लागली.

मागच्या डिसेंबरात पुण्यात या खेळाचं मोठं संमेलन होतं. आमच्या गटाला एकच जागा. शेवटी आम्ही दोघे उरलो, जिंकेल तो जाणार. सिद्धाप्पांनी कारखान्यात दोन दिवसांची रजा आधीच टाकली होती.

मी बंदूकवाल्यांची रांग माळाकडे तोंड करून लावली. माळावरून आले असते तर तीनदा गोळ्या खाल्ल्या असत्या. ते आलेच नाहीत. सगळं घोडदळ त्यांनी ज्वारीत घातलं.

"मामा, घोडे चरायला सोडले का?"

"चरू दे की जरा. लांबनं आल्यात."

डावाला सहा इंच, असे तीन डाव. मग माझ्या लक्षात आलं, ते माझ्या रांगेच्या बगलेला आले होते, आणि माझी एकही बंदूक तिकडे नव्हती. पुढच्या डावात हल्ला झाला की खेळ संपला.

मी पुस्तक उघडलं. एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "उभ्या पिकातून बाहेर पडणाऱ्या घोडदळाला त्या डावात हल्ला करता येत नाही."

तिथे तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"आसं हाय व्हय?" त्यांनी वही ओढून घेतली. "पुस्तकात हाय तर हाय." वहीत लिहून घेतलं. माझी रांग वळली, आणि मी जिंकलो.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी शाळूचं रान खोक्यात भरून दिलं. "पुण्याच्या लोकान्ला दाव." तिथे मी पहिल्याच फेरीत हरलो. ज्वारीचे फोटो मात्र बऱ्याच जणांनी काढले.

मार्चमध्ये नवी मुलं आली. सिद्धाप्पा वही घेऊन त्यांना शिकवायचे. पॉलिटेक्निकच्या इफ्राने घोडदळ ज्वारीतून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी तिला तोच नियम वाचून दाखवला. ती हरली.

"मामा, मी पुस्तक वाचलंय. असं कुठंच नाही."

"हाय की. ह्यानं वाचून दावलंय. सांग रे पान."

"आठवत नाही," मी म्हणालो.

इफ्रा पुस्तक चाळू लागली. सिद्धाप्पांचा चेहरा उतरला. "मग माझंच लिवताना चुकलं आसंल. आपल्याला कुटं येतंय इंग्रजी. माफ कर पोरी, तुजा डाव घालवला." सगळ्यांसमोर ओळीवर काट मारायला त्यांनी पेन उघडलं.

"तुमचं नाही चुकलं," माझ्या तोंडून निघालं. "मी खोटं वाचलं होतं. मला पुण्याला जायचं होतं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं, वहीची चाळीसेक पानं अंगठ्याने फर्रकन उलटली.

"आनि बाकीचं?"

"बाकीचं सगळं खरं आहे, मामा. ते एकच."

"हां." त्यांनी पुस्तक इफ्राकडे सरकवलं. "पोरी, तू वाच. पहिल्यापासनं."

ती वाचून मराठीत सांगू लागली. ते वहीतल्या ओळीवर बोट ठेवून ऐकत, "बराबर" म्हणत आणि बोट खाली नेत. सातव्या पानापर्यंत एकही ओळ चुकीची निघाली नाही. तरी पुढच्या ओळीवर बोट नेऊन ते आधी तिच्याकडे बघत होते.