सगळी भोकं एकाच खांबाला

अन्याय झाला तो आमच्या सावंतकाकूंवर. गेल्या वर्षी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दारावरचं तोरण अजून सुकलं नव्हतं आणि शेजारी महापालिकेची नोटीस चिकटली : इमारत अतिधोकादायक, घरं रिकामी करा. आमची मुलुंडची तीन मजली सोसायटी. तपासणीचा अहवाल कोणी करून घेतला होता? जो आमच्या जागेवर टॉवर बांधायला टपला होता, त्याच बिल्डरने!

ज्यांच्यामुळे काकू आज घरात आहेत, त्या नलूताई महिन्यापूर्वी गेल्या. फोन काकूंचाच. "तुझी ऑडिटरीण गेली गं..."

नलूताई आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या. आयुष्यभर कंपन्यांचे हिशेब तपासले. ज्याची तपासणी, त्याचा चहा प्यायचा नाही हा नियम. स्वतःचा थर्मास कायम बरोबर. मीटिंगमध्ये बिल्डरचा माणूस म्हणाला, "मॅडम, काँक्रीटचे डझनभर नमुने काढलेत. अजून काय पाहिजे?" ताईंनी थर्मासचं झाकण लावलं. "कुठून काढलेत?" तो अहवालाची पानं उलटू लागला. नमुना काढला की भोक पडतं, बुजवलं तरी गोल ठिगळ दिसतं. दुखरे गुडघे घेऊन, हातात टॉर्च, त्या घरोघर फिरल्या. कुठेच ठिगळ नाही. सगळी सापडली पंपरूममधल्या एकाच खांबावर, जिथे कित्येक वर्षं पाणी झिरपतंय. "एकाच माणसाला बारा वेळा विचारलं, म्हणून बारा साक्षीदार होत नाहीत," ताई म्हणाल्या.

मी लगेच पत्रक लिहिलं : इमारत ठणठणीत आहे!

"हे तुला कोणी सांगितलं, पुढारीणबाई? त्यांचा पुरावा कच्चा, म्हणून आपला पक्का झाला का?"

मी भडकले. "ताई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?"

"काकूंच्या. छत पडलं तर तुझं पत्रक डोक्यावर धरायचं का तिने?"

मग दोन्ही बाजूंशी संबंध नसलेला इंजिनिअर आणला. नमुने प्रत्येक मजल्यावरून, आणि प्रयोगशाळेचा निकाल थेट तिथूनच घ्यायचा. मधे कोणाचा हात नको. इमारत राहण्याजोगी निघाली, नोटीस मागे गेली. पण काकूंच्या स्वयंपाकघरावरचा स्लॅब खरंच पोकळ निघाला... त्याच्याखाली त्या रोज घावन घालत होत्या. स्लॅब दुरुस्त झाला. यंदा गणपती त्याच घरात बसला आणि पहिला मोदक ताईंच्या ताटात पडला.

थर्मास आता सोसायटीच्या ऑफिसात असतो. परवा दुसरा एक बिल्डर आला, सगळ्यांसाठी चहा मागवू लागला. काकू म्हणाल्या, "नको. आमचा आहे."

तुमच्याही सोसायटीत असा जाडजूड अहवाल येईल. ठरावाला हात वर करायच्या आधी खुर्चीतून उठा, टॉर्च घ्या आणि ठिगळं कुठे आहेत ते स्वतः बघून या.